बंदिवासातील मगर आणि तिची निगा : विदर्भाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : मगर, प्राणिसंग्रहालय, महाराजबाग, ताडोबा, वन्यजीव कायदा, प्राण्यांची निगा

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्यात प्राणिसंग्रहालय नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या या जिल्ह्यात काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे आणि काटेपूर्णा अभयारण्याचा काही भागही जिल्ह्यात येतो. परंतु पिंजऱ्यातील प्राणी पाहावयाचा असेल तर येथील विद्यार्थ्याला सहलीच्या गाडीने नागपूर किंवा औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) गाठावे लागते. अशा सहलीत वाघाच्या पिंजऱ्यासमोर गर्दी होते, माकडांसमोर हशा पिकतो. मगरीच्या हौदाशी मात्र मुले क्षणभरच थांबतात. ती खरी आहे की सिमेंटची, एवढाच प्रश्न त्यांना सोडवायचा असतो, आणि तो सोडविण्याचा त्यांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे खडा मारून पाहणे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच निश्चल प्राणी आहे. बंदिवासातील वन्यप्राण्यांच्या निगेचा इतिहास सामान्यतः वाघ, सिंह व हत्ती यांना केंद्रस्थानी ठेवून सांगितला जातो. या प्राण्यांचे दुःख दिसते. ते येरझाऱ्या घालतात, डरकाळ्या फोडतात, अन्न सोडतात. मगर यांपैकी पहिल्या दोन गोष्टी करीत नाही आणि तिसरी केली तरी आठवडेच्या आठवडे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या प्राण्याला तक्रार करता येत नाही त्याच्या वाट्याला कोणती निगा आली, हा प्रश्न विदर्भातील स्थळांच्या आधारे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

नावांचा घोळ

मराठीत 'मगर' हा शब्द सैलपणे वापरला जातो. अमेरिकेतील ॲलिगेटर, ऑस्ट्रेलियातील खाऱ्या पाण्याचा क्रोकोडाइल आणि ताडोबाच्या तलावातील मगर यांना वर्तमानपत्रे एकाच नावाने संबोधतात. 'सुसर' हा शब्द कोठे मगरीसाठी, तर कोठे लांब चोचीच्या घडियालसाठी योजला जातो. त्याचे मूळ संस्कृत 'शिशुमार' असल्याने गोंधळात आणखी भर पडते, कारण त्या शब्दाची व्याप्ती नदीतील डॉल्फिनपर्यंत जाते. नक्र, ग्राह आणि मकर हे शब्द पुराणकथांतून आले आहेत. वाकाटकांच्या ज्या वत्सगुल्म शाखेची राजधानी आजचे वाशिम होते, त्या शाखेच्या काळात अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली आणि त्यांच्या द्वारशाखांवर मकरावर उभ्या असलेल्या स्त्रिया दिसतात. तो मकर हा कल्पनेतील प्राणी आहे, त्यात हत्तीची सोंडही मिसळली आहे. तरीही पाण्यातील या बलाढ्य जीवाविषयीचा दरारा त्यातून स्पष्ट होतो.

शास्त्रीयदृष्ट्या ॲलिगेटरच्या दोनच जाती आज अस्तित्वात आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातील, दुसरी चीनमधील यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातील. भारतात ॲलिगेटर नैसर्गिकरीत्या आढळत नाही. येथे गोड्या पाण्यातील मगर, खाऱ्या पाण्यातील मगर आणि घडियाल या तीन जाती आहेत व त्यांपैकी महाराष्ट्राच्या नद्या-तलावांतील प्राणी म्हणजे पहिली. या मगरीचे तोंड बरेच रुंद असते आणि त्यामुळे ती दुरून ॲलिगेटरसारखी भासते. तोंड मिटल्यावर खालच्या जबड्यातील चौथा दात बाहेर दिसतो, ही ओळखीची खूण. ॲलिगेटरमध्ये तो दात झाकला जातो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी मात्र हा भेद फारसा पाळला नाही. कराचीजवळील मंघोपीर दर्ग्याच्या तळ्यातील मगरींना ते सर्रास ॲलिगेटर म्हणत. मुंबई इलाख्याच्या सैन्यात असलेल्या रिचर्ड बर्टनने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिंधविषयक पुस्तकात या तळ्याचे वर्णन आहे आणि एक गोरा अधिकारी मगरींच्या पाठींवर पाय देत तळे ओलांडून गेल्याची हकिकतही आहे. दर्ग्याचे सेवक त्या मगरींना पीराचा जीव मानून मांस घालत, तर छावणीतील अधिकाऱ्यांना त्यांत करमणूक दिसे. एकाच तळ्याच्या काठावर बंदिस्त प्राण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी उभ्या होत्या. श्रद्धेच्या आधाराने जगणाऱ्या मगरीचे अलीकडचे उदाहरण केरळमधील कासारगोड जिल्ह्यातील अनंतपुर मंदिराच्या तलावातील 'बबिया' हे होय. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये मेली, तेव्हा अंत्यदर्शनाला लोकांची रीघ लागली होती. देवस्थानाच्या मगरीला दगड मारण्याचे धाडस कोणी करीत नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. प्राणिसंग्रहालयाच्या मगरीला असे कोणतेही कवच नसते.

शिकारखान्यापासून महाराजबागेपर्यंत

मराठी मुलखात प्राणी बाळगण्याची परंपरा इंग्रजांच्या आधीची आहे. सवाई माधवरावांच्या काळात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. वाघ, सिंह, गेंडा हे त्याचे वैभव. राजाच्या सामर्थ्याचे प्रतीक ठरेल असाच प्राणी अशा ठिकाणी मानाचा ठरतो. वसाहतकाळात या राजेशाही हौसेची जागा सार्वजनिक उद्यानाने घेतली. मुंबईतील राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. त्यानंतर १८८० मध्ये मुळच्या सांगलीकडील विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि वन्यप्राणी तंबूतून गावोगाव फिरू लागला. शहरातील बागेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या प्रेक्षकाने प्रथम वाघ-सिंह पाहिले ते बहुधा अशा तंबूतच.

विदर्भात या इतिहासाचे केंद्र नागपूरची महाराजबाग हे आहे. भोसल्यांची ही बाग इंग्रजी अमलात सरकारी झाली आणि १८९४ पासून तेथे प्राणिसंग्रहालय आहे. पुढे बाग नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाकडे आली. प्राणिसंग्रहालय म्हटले की महानगरपालिका किंवा वनखाते डोळ्यांसमोर येते. येथे मात्र वाघ-बिबट्यांचा सांभाळ एका कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि त्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण विदर्भ असल्याने वाशिमचा शेतकरी ज्या संस्थेकडे सोयाबीन-तुरीच्या वाणासाठी पाहतो तीच संस्था या पिंजऱ्यांची मालक आहे. शेतीशाळेच्या आवारात गुरे पाळावीत तसे वन्यप्राणी पाळले गेले, असे म्हटल्यास ते काहीसे कठोर होईल. तरी एक गोष्ट खरी आहे. संग्रहालये उभी राहिली त्या काळात निगेची कसोटी पशुसंवर्धनाचीच होती : प्राणी खातो का, रोगमुक्त आहे का, वीण होते का. गायीच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे बरेच काही सांगून जातात. मगरीच्या बाबतीत ती जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

ताडोबाचा प्रयोग

स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत भारतातील मगर नाहीशी होण्याच्या मार्गावर होती. कातड्याला मिळणारी किंमत, मासेमाऱ्यांचा रोष, धरणांमुळे बदललेले नदीकाठ आणि शिकारीचा छंद ही त्याची कारणे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने तिला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले. पाठोपाठ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ रॉबर्ट बस्टर्ड यांच्या सल्ल्याने १९७५ मध्ये राष्ट्रीय मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी गोळा करावीत, ती सुरक्षित उबवावीत, पिले शत्रूंच्या तोंडी न लागण्याइतकी मोठी होईपर्यंत, म्हणजे साधारण सव्वा मीटर लांबीची होईपर्यंत, हौदांत वाढवावीत आणि मग पाण्यात सोडावीत, अशी ही पद्धत होती. तमिळनाडूत १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी मद्रास क्रोकोडाइल बँक स्थापन केली ती याच सुमारास.

आजच्या महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान ठरलेल्या ताडोबात (१९५५) मोठा नैसर्गिक तलाव आहे आणि त्याच्याशी गोंड समाजाच्या तारू या देवाची कथा जोडलेली आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ताडोबा येथे मगर संगोपन केंद्र चालविण्यात आले आणि तेथे वाढलेल्या मगरी पाण्यात सोडण्यात आल्या. विदर्भाच्या इतिहासात या प्रयोगाचे महत्त्व वेगळे आहे. येथे बंदिवास हा शेवट नव्हता, मुक्कामाचा एक टप्पा होता. पिलाला वाढवायचे ते परत पाठविण्यासाठी. त्यामुळे त्याला माणसाची सवय किती लागू द्यायची आणि जिवंत भक्ष्य केव्हा द्यायचे, असे जे प्रश्न प्रदर्शनापुरता प्राणी ठेवणाऱ्याला पडत नाहीत, ते अशा केंद्रांत काम करणाऱ्यांना पडत.

या काळात मगरीविषयी जे ज्ञान हाती आले ते थक्क करणारे आहे. मगरीच्या पिलाचे लिंग गुणसूत्रांनी ठरत नाही, अंडे उबण्याच्या तापमानावर ठरते. मद्रास क्रोकोडाइल बँकेतील अंड्यांवरील अभ्यासातून १९८९ मध्ये असे मांडले गेले की, २८ ते ३१ अंश सेल्सिअसला सर्व पिले माद्या होतात आणि ३२.५ अंशांच्या आसपास सर्व नर होतात. म्हणजे उबवणीच्या पेटीजवळ बसलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून एक-दीड अंशाची चूक झाली तर सबंध पिढी एकाच लिंगाची निपजावी. बंदिवासातील निगा किती बारकाईची बाब आहे, हे याहून चांगल्या उदाहरणाने सांगता येणार नाही.

मगरीची वीण बंदिवासात सहज होते, एका हंगामात मादी दोनदाही अंडी घालते. यशाचे रूपांतर लवकरच अडचणीत झाले. सोडण्यायोग्य पाणवठे संपत आले, जेथे मगरी वाढल्या तेथे माणसांशी संघर्ष सुरू झाला. १९९१ च्या सुमारास केंद्र शासनाने प्रकल्पाचा हेतू साध्य झाल्याचे मानून बंदिस्त पैदाशीचा निधी थांबविला. हौदांतील प्राणी मात्र थांबले नाहीत. मद्रास क्रोकोडाइल बँकेत मगरींची संख्या इतकी वाढली की, २०२२ मध्ये एक हजार मगरी गुजरातमधील जामनगरच्या खासगी केंद्राकडे हलविण्याचा निर्णय झाला. त्यास आव्हान देणारी याचिका मद्रास उच्च न्यायालयाने फेटाळली. नामशेष होऊ पाहणारा प्राणी पन्नास वर्षांच्या आत 'अतिरिक्त' ठरावा, ही घटना संवर्धनाच्या इतिहासात विचार करायला लावणारी आहे. जातीला वाचविण्याचे काम संपले की त्या कामासाठी जन्माला घातलेल्या प्रत्येक जीवाचे काय करायचे, याचा विचार मूळ योजनेत नव्हता.

कायदा आणि न हलणारा प्राणी

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० साली आला. त्यातील 'प्राणी' या शब्दाची व्याख्या मनुष्याव्यतिरिक्त कोणताही सजीव प्राणी अशी व्यापक आहे, तेव्हा मगर तिच्यात येतेच. कलम ११ नुसार ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी व रुंदी प्राण्याला हालचालीची वाजवी संधी देत नाही, अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा गुन्हा आहे. वाघाच्या संदर्भात हा मजकूर स्वयंस्पष्ट आहे. परंतु दिवसातील बहुतेक वेळ एका जागी पडून राहणाऱ्या मगरीला 'वाजवी हालचाल' किती लागते? हौदाच्या मालकाने ती हलतच नाही असे म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? कायद्याची रचना हालणाऱ्या प्राण्याला समोर ठेवून झाली आहे, असे येथे दिसून येते. सर्कशीबाबत हेच घडले. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली. या यादीत एकही सरपटणारा प्राणी नाही.

प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र तरतूद १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. मान्यतेशिवाय संग्रहालय चालविता येणार नाही, हा दंडक तेव्हापासूनचा. याच कायद्याच्या कलम ३८-जे प्रमाणे संग्रहालयातील प्राण्याला डिवचणे, इजा करणे, खाऊ घालणे किंवा गोंगाटाने त्रास देणे यांना मनाई असून सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. खडा मारणारा सहलीतील विद्यार्थी या कलमाखाली येतो, याची कल्पना त्याला सोबतच्या शिक्षकांनी दिल्याचे क्वचितच आढळते.

नव्या दंडकाचा विदर्भातील दोन संस्थांवर झालेला परिणाम पाहण्यासारखा आहे. महाराजबागेची मान्यता अटींची पूर्तता न झाल्याच्या कारणावरून नोव्हेंबर २०१८ मध्ये प्राधिकरणाने रद्द केली. विद्यापीठाने त्याविरुद्ध दाद मागितली आणि संग्रहालय चालू राहिले. दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाचे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी शिकारीत आई गमावलेले माकडाचे पिलू माडिया शिकाऱ्यांकडून तांदूळ-साखरेच्या बदल्यात घेतले आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. पुढे त्यात बिबटे, अस्वले, साळिंदरे आणि मगरीही आल्या. 'रानमित्र' या पुस्तकात डॉ. आमटे यांनी हा प्रवास मांडला आहे. १९९१ नंतर या ममतेच्या संसारालाही बचाव केंद्राच्या चौकटीत बसावे लागले. बिबट्याशी माणसाने कोणत्या जवळिकीने वागावे, यावर शासकीय यंत्रणा आणि अनाथालय यांचे मत सारखे नव्हते. पण या वादातही मगर कोठे नव्हती. तिला कोणी मांडीवर घेत नाही, तेव्हा तिच्याशी कसे वागावे यावर वाद होण्याचेही कारण नाही.

निगा म्हणजे काय

मगर ही शीतरक्ताची असते असे शालेय पुस्तकात लिहिलेले असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शरीराचे तापमान राखण्याचे काम तिला जागा बदलून करावे लागते. सकाळी उन्हात, दुपारी पाण्यात किंवा सावलीत, थंडीत पुन्हा उन्हात. या जागा उपलब्ध असतील तरच तिची पचनशक्ती, प्रतिकारशक्ती आणि भूक नीट चालते. थंडगार शरीरात गिळलेले मांस पचत नाही, पोटातच सडू लागते. नागपूर-वाशिमच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि डिसेंबरच्या रात्री १० च्या खाली येतो. खुल्या निसर्गात मगर यावर एक उपाय करते. ती काठाच्या मातीत लांबलचक बीळ खणते आणि उन्हाळ्याची काहिली व हिवाळ्याची थंडी दोन्ही तेथे काढते. सिमेंटच्या हौदात बीळ खणता येत नाही. प्रेक्षकाला ती सतत दिसली पाहिजे, या अपेक्षेमुळे लपण्याची जागाही ठेवली जात नाही. बाहेरून पाहता हौदात काही कमी नाही, पाणी आहे, भिंत आहे, फलक आहे. कमी आहे ती मातीची एक उतरण.

आहाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोठ्या मगरीला आठवड्यातून एक-दोन वेळा खाणे पुरते. रोज घातले तर ती लठ्ठ होते, सांध्यांत यूरिक आम्ल साचून संधिवातासारखा विकार जडतो. उलटपक्षी केवळ हाडांविना मांस दिले तर वाढत्या वयात कॅल्शियमअभावी जबडा व पाठीचा कणा वाकतात. निसर्गात ती मासा, पक्षी, उंदीर-घूस हाडांसकट गिळते. बाजारातील म्हशीच्या मांसाचा तुकडा हा त्याला पर्याय नाही. एका हौदात दोन वयात आलेले नर ठेवले तर दुबळ्याचे पाय तुटणे हे ठरलेलेच. या बाबी गेल्या पन्नास वर्षांत पुरेशा स्पष्ट झाल्या आहेत. ज्ञान नव्हते म्हणून मगरी कुढत राहिल्या, असे आता म्हणता येणार नाही.

तिच्या बुद्धीविषयीही समज बदलला आहे. मद्रास क्रोकोडाइल बँकेतील मगरी नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देण्यास शिकल्या. तेथेच एक वेगळी गोष्ट नजरेस आली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बगळे घरट्यांसाठी काटक्या शोधत असतात त्या हंगामात मगर आपल्या मुस्कटावर काटक्या घेऊन पाण्यात निश्चल पडून राहते आणि काटकी उचलायला आलेल्या बगळ्यावर झडप घालते. अमेरिकेतील ॲलिगेटरमध्येही हे वर्तन नोंदविले गेले. ज्या निश्चलपणाला प्रेक्षक आळस समजतो ती शिकारीची तयारी असते. पंचतंत्रातील माकडाकडून फसणारी मगर आणि 'नक्राश्रू' हा शब्द यांनी मराठी मनात तिची जी प्रतिमा केली आहे, तीत या हुशारीला जागा नाही.

बंदिस्त मगरवर्गीय प्राणी किती दीर्घ काळ सोसू शकतो, याची दोन प्रसिद्ध उदाहरणे युरोपात आहेत आणि दोन्ही ॲलिगेटरची आहेत. अमेरिकेत १९३६ च्या सुमारास जन्मलेला 'सॅटर्न' बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात आला. नोव्हेंबर १९४३ च्या बॉम्बवर्षावात तेथील मत्स्यालय उद्ध्वस्त झाले, सॅटर्न मात्र वाचला. १९४६ मध्ये ब्रिटिश सैनिकांना तो सापडला व सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हाती जाऊन मॉस्कोला पोहोचला. तो हिटलरचा पाळीव प्राणी होता, ही आवई पुढे अनेक वर्षे चालू राहिली. बॉम्बमधून वाचलेल्या या प्राण्याला मॉस्कोत एका प्रेक्षकाने डोक्यात दगड घातला आणि त्याच्यावर दीर्घकाळ उपचार करावे लागले. २२ मे २०२० रोजी तो सुमारे चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन मेला. बेलग्रेडच्या संग्रहालयात १९३७ मध्ये आलेला 'मुया' हाही युद्धातून वाचला. २०१२ मध्ये गँग्रीनमुळे त्याचा पुढचा पंजा काढावा लागला. प्रेक्षकांच्या करमणुकीचा आणखी एक पुरावा २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील ओमाहा येथे मिळाला. तेथील एका पांढऱ्या ॲलिगेटरच्या पोटातून पशुवैद्यकांनी सत्तर नाणी बाहेर काढली. नशीब आजमावण्यासाठी पाण्यात नाणे टाकण्याची लोकांची सवय त्याच्या पोटापर्यंत पोहोचली होती. तेव्हा खडा मारण्याची खोड केवळ आपल्याकडची नाही, एवढे समाधान मानता येईल.

शिल्लक

प्रत्येक मान्यताप्राप्त संग्रहालयाला दरवर्षी प्राण्यांची यादी प्राधिकरणाला सादर करावी लागते. तिचे रकाने असे : आरंभीची शिल्लक, जन्म, आवक, जावक, मृत्यू आणि अखेरची शिल्लक. दुकानाच्या साठावहीची आठवण व्हावी असा हा तक्ता आहे. वेगवेगळ्या वर्षांचे असे तक्ते शेजारी ठेवले की हरणांचे आकडे वर-खाली होताना दिसतात, बिबट्यांची आवक-जावक दिसते. मगरीच्या ओळीत मात्र पुष्कळदा तोच आकडा वर्षानुवर्षे राहतो. दीर्घायुषी प्राण्याचे असेच व्हायचे. परंतु वाचणाऱ्याला त्या स्थिर आकड्यातून सर्व ठीक असल्याचा बोध होतो.

मृत्यूची दखल घेतली जाते, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे कारण बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले आणि बंदिस्त मांसभक्षक प्राण्यांना दिल्या जाणाऱ्या मांसाच्या पुरवठ्याचा प्रश्न ऐरणीवर आला. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या कात्रज येथील संग्रहालयात लाळ्या-खुरकूत रोगाने पंधराहून अधिक चितळ मेले, तेव्हाही चौकशी झाली. प्राणी मेला की यंत्रणा जागी होते. कुपोषणाने वाकलेल्या जबड्याची मगर मात्र वीस वर्षे 'अखेरची शिल्लक' या रकान्यात जिवंत राहू शकते. प्राणीरक्षकाच्या दैनंदिनीत हौदाच्या पाण्याचे तापमान, बसण्याच्या जागी ऊन येते की नाही, प्राणी कोठे किती वेळ होता, या नोंदींची सक्ती झाली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. यासाठी लागणारे साधन म्हणजे एक तापमापक. कृषी महाविद्यालयाच्या हवामान केंद्रात तो रोज सकाळी वाचला जातो.

वाशिमचा संबंध

वन्यप्राण्याचा बंदिवास ही नागपूरची बाब आहे, वाशिमचा तिच्याशी काय संबंध, असा आक्षेप येऊ शकतो. २०२१ च्या अखेरीस नागपूर शहरातून वाहणाऱ्या नाग नदीत मगर दिसली तेव्हा ती कोठून आली याविषयी तर्कवितर्क झाले. त्या तर्कांत शेजारच्या महाराजबागेचे नावही घेतले गेले. बंदिस्त प्राण्यांची नोंद चोख असेल तर असा संशय एका दिवसात मिटविता येतो. वाशिमचा संबंध याहून थेट आहे. जिल्ह्यात विहिरीत पडलेला बिबट्या, वाहनाच्या धडकेने पाय मोडलेले काळवीट किंवा धरणाच्या पाण्यातून शेतात आलेला कोणताही संरक्षित प्राणी दीर्घ उपचारासाठी न्यायचा झाला तर तो जिल्ह्याबाहेर न्यावा लागतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. तो वाशिम जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो आणि कारंजा-सोहोळ व काटेपूर्णा या दोन्ही अभयारण्यांचा परिसर ओलांडतो. जखमी प्राण्याचा गोरेवाड्यापर्यंतचा प्रवास त्यामुळे काही तासांनी कमी झाला आहे, आणि त्याच रस्त्याने सहलीच्या गाड्याही जातात.

जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, पर्यावरण अभ्यास हा विषय सर्व शाखांना सक्तीचा झाला आहे आणि त्याच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना दरवर्षी विषय हवे असतात. महाराजबागेच्या किंवा अन्य संग्रहालयाच्या हौदाशी एक दिवस बसून मगर कोणत्या वेळी उन्हात होती, कोणत्या वेळी पाण्यात, किती प्रेक्षक थांबले आणि कितींनी काय फेकले, एवढ्या चार रकान्यांचा तक्ता भरणे दोन विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. संग्रहालयाच्या वार्षिक यादीत हे चार रकाने नाहीत.